उतरणारे आणि राहणारे

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारतात, "कुठे उतरला होतात?" परक्या गावी माणूस उतरतो, आपल्या गावी राहतो. मराठीत ही दोन क्रियापदं वेगळी आहेत आणि आपण ती कधी चुकवत नाही. "मी मुंबईला मामांकडे उतरलो" आणि "मी मुंबईला मामांकडे राहिलो" ही दोन वाक्यं कानाला वेगळी लागतात. दुसऱ्यात काही वर्षांचा हिशेब असतो.

या दोन शब्दांमधलं अंतर केवढं मोठं असू शकतं, ते मला अमेरिकेतल्या एका लहानशा वाळवंटी गावात कळलं. गावाचं नाव मोआब. युटा राज्याच्या आग्नेय भागात, लाल खडकांच्या दोन भिंतींमधल्या दरीत ते वसलं आहे. २०२०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५,३६६ होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढी. पण या खेड्याच्या मुख्य रस्त्यावर ओळीनं हॉटेलं आहेत, मोटेलं आहेत, सायकली आणि जीपगाड्या भाड्यानं देणारी दुकानं आहेत, आणि हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

माझी मुलगी आणि जावई सॉल्ट लेक सिटीत असतात. गेल्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे होतो. एक दिवस ती म्हणाली, "अब्बा, तुम्हाला वाळवंट दाखवते." वाळवंट म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि खजुराची झाडं. यांपैकी तिथे काहीच नव्हतं. चार तासांचा रस्ता आहे. प्राइस नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव लागतं, मग टरबुजांसाठी प्रसिद्ध असलेलं ग्रीन रिव्हर, आणि त्यानंतर जमीन हळूहळू तांबडी होत जाते. शेवटी शेवटी सगळंच तांबडं. खडक, माती, धूळ, गाडीची काच. त्या तांबड्यातून कोलोरॅडो नदी वाहते, आणि पूर्वेला साडेबारा हजार फुटांहून उंच ला साल पर्वताची शिखरं दिसतात.

लोक इथे येतात ते गावाशेजारच्या दोन राष्ट्रीय उद्यानांसाठी. आर्चेसमध्ये वारा, पाणी आणि बर्फ यांनी कोरलेल्या दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी आहेत. कॅन्यनलँड्समध्ये नद्यांनी खोदलेल्या खोल दऱ्या आहेत. शिवाय उघड्या खडकावर सायकल चालवायला, जीप चढवायला, दोरीनं कडे उतरायला आणि नदीत रबरी होड्या सोडायला जगभरातून माणसं येतात. आर्चेसला २०१० साली वर्षाला दहा लाखांच्या आसपास लोक येत. २०२१ साली ते अठरा लाखांवर गेले. सकाळी आठ-नऊलाच फाटक बंद करायची वेळ येऊ लागली. म्हणून २०२२ पासून हंगामात आत जाण्यासाठी वेळ आधी आरक्षित करण्याची पद्धत सुरू करावी लागली.

पाच हजारांचं गाव आणि लाखो पाहुणे. मग हे सगळे उतरतात कुठे?

सगळ्यात स्वस्त उतरण्याची जागा म्हणजे तंबू. गावाच्या उत्तरेला नदीकाठानं १२८ क्रमांकाचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर सरकारी जमीन खात्याची तंबूतळं आहेत. बहुतेक ठिकाणी आरक्षण नाही. जो आधी येईल त्याची जागा. म्हणून आम्ही गुरुवारी पहाटे तीनला घर सोडलं आणि सातच्या सुमाराला नदीवर पोचलो. पद्धत अशी, की रिकामी जागा दिसली की गाडी लावायची, तिथल्या खोक्यातलं पाकीट घ्यायचं, त्यावर नाव, गाडीचा नंबर आणि रात्रींची संख्या लिहायची, एका रात्रीचे वीस डॉलर प्रमाणे पैसे आत घालायचे आणि पाकीट लोखंडी नळीत टाकायचं. पावतीचा तुकडा फाडून आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. हिशेबाला माणूस नाही, खिडकी नाही, नुसती पेटी आणि लोकांचा प्रामाणिकपणा, हा कारभार बघून मला भलताच आनंद झाला. मुलगी म्हणाली, "अब्बांना कमानींपेक्षा ही पेटीच जास्त आवडली."

तुम्ही कधी गेलात तर काही गोष्टी लक्षात ठेवा. या तळांवर पिण्याचं पाणी नसतं, सगळं बरोबर न्यावं लागतं. संडास असतो, पण पाणी नसतं. त्यामुळे आपल्या माणसानं बदना आणि पाण्याचे दोन मोठे कॅन आधी गाडीत टाकावेत, बाकी सामान नंतर. तळाच्या बाहेर मोकळ्या रानात तंबू ठोकायचा असेल तर आपली घाण बंद डब्यात भरून परत आणण्याचा नियम आहे. आणि पाऊल कुठे टाकायचं याचाही नियम आहे. तिथल्या वाळूवर काळसर, खडबडीत साय असते. ती माती नाही. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून वाळूला धरून ठेवलेलं ते जिवंत कातडं आहे. एक पाऊल पडलं तर ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात. ऑक्टोबरात दिवसा ऊन छान असतं, पण रात्री हाडं गोठतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तंबूचा नाद करू नये.

पहिल्या पहाटे मी फजरसाठी उठलो. नदीचा आवाज आणि वर इतके तारे, की आपण लहानपणी अंगणात झोपून पाहिले होते तेवढे. आर्चेसला २०१९ साली अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या माणसाला तिथे ईशान्येकडे वळावं लागतं. कंपास बघूनसुद्धा मन दोनदा विचारतं, खरंच का?

आमचं तळ ज्या घळीच्या तोंडाशी होतं, तिचं नाव ग्रँडस्टाफ कॅन्यन. या नावामागची गोष्ट फलकावरून आणि नंतर वाचून कळली. १८५५ साली मॉर्मन पंथाचे काही लोक या दरीत वस्ती करायला आले, गढी बांधली, पण ही भूमी ज्यांची होती त्या यूट लोकांशी चकमक होऊन काही महिन्यांतच ते परतले. गढी ओस पडली. पुढे १८७७च्या सुमाराला विल्यम ग्रँडस्टाफ नावाचा एक कृष्णवर्णीय गुराखी आला, त्या पडक्या गढीत राहिला आणि याच घळीत त्यानं गुरं पाळली. म्हणजे गावाच्या आजच्या वस्तीतल्या अगदी पहिल्या रहिवाशांपैकी तो एक. १८८१च्या सुमाराला मूळ रहिवाशांना दारू विकल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि त्याला निघून जावं लागलं. घळीला मात्र त्याचंच नाव राहिलं, पण कसं? आधी एका घाणेरड्या वर्णद्वेषी शिवीसकट, मग थोड्या सौम्य पण तशाच शब्दासकट. २०१७ साली सरकारी नावसमितीनं ते बदलून नुसतं त्याचं आडनाव ठेवलं. माणूस गेल्यावर एकशे छत्तीस वर्षांनी त्याचा पत्ता नीट लिहिला गेला.

दोन रात्री तंबूत काढल्यावर बायकोच्या पाठीनं संप पुकारला. मग आम्ही गावात खोली शोधायला लागलो आणि उतरण्याच्या बाकीच्या तऱ्हा कळल्या. मुख्य रस्त्यावर जुनी, एकमजली, दारासमोर गाडी लावायची मोटेलं आहेत. उत्तरेच्या टोकाला साखळी कंपन्यांची नवी, चौकोनी, तीन-चार मजली हॉटेलं आहेत. नदीकाठी श्रीमंतांसाठी घोडे-बिडे असलेली विश्रामस्थानं आहेत. पलंग, गालिचा आणि न्हाणीघर असलेले तंबू आहेत, ज्यांचं भाडं हॉटेलापेक्षा जास्त आहे. सायकलवाल्या पोरांसाठी बंकवर झोपायची स्वस्त वसतिगृहं आहेत. आणि आख्खं घर चार दिवसांसाठी भाड्यानं देणारेही पुष्कळ. शुक्रवार-शनिवारसाठी साध्या खोलीचा दर आम्हाला अडीचशे डॉलरच्या पुढे सांगितला गेला. एका ठिकाणी काउंटरवरची मुलगी स्वतःच हळू आवाजात म्हणाली, "ग्रीन रिव्हरला जा, ऐंशी किलोमीटर आहे, निम्म्यात होईल."

आम्ही तसंच केलं. ग्रीन रिव्हरच्या मोटेलचा मालक गुजराती निघाला. नवसारीकडचा. आम्ही कुठले विचारल्यावर त्यानं "महाराष्ट्र, म्हणजे शेजारीच" असं म्हणून चहा पाजला. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं-मोटेलं आज भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत असं त्यांची संघटनाच सांगते, आणि त्यांत गुजराती, विशेषतः पटेल, सगळ्यात जास्त. पण ही संघटना १९८९ साली का निघाली, हे मला त्या गप्पांपर्यंत ठाऊक नव्हतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँका यांना कर्ज नाकारत, विमा कंपन्या विमा नाकारत, आणि शेजारचे स्पर्धक दारावर पाटी लावत की हे मोटेल अमेरिकन मालकीचं आहे. मतलब असा, की पलीकडे परका माणूस बसलाय, तिकडे उतरू नका.

त्याच्याही आधीची गोष्ट आणखी कडू आहे. रस्त्यावरच्या मोटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या एका पोस्टमननं १९३६ साली एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. कुठल्या गावात कुठल्या घरी, कुठल्या हॉटेलात काळ्या प्रवाशाला उतरता येईल, याचे पत्ते तिच्यात असत. ती तीस वर्षं निघत राहिली. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं हॉटेलांमधला भेदभाव बेकायदा ठरला आणि मग तिची गरज संपत गेली. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला ग्रीनबद्दल विशेष वाटतं. पत्ता म्हणजे नुसता घर नंबर आणि पिनकोड नसतो. या दारावर थाप मारली तर दार उघडेल, ही खात्री म्हणजे पत्ता.

रविवारी आम्ही पुन्हा मोआबला आलो. सकाळी कॉफीच्या दुकानात बसलो होतो. काउंटरवर पंचविशीचा एक मुलगा होता. गिऱ्हाईक कमी झाल्यावर जावई त्याच्याशी बोलू लागला. मुलगा सकाळी कॉफी विकायचा, दुपारनंतर एका हॉटेलात खोल्या साफ करायचा. राहतोस कुठे, असं विचारल्यावर त्यानं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. तिथे एक जुनी पांढरी व्हॅन उभी होती. "घर भाड्यानं घ्यायचा प्रयत्न केला," तो म्हणाला. "भाडं परवडत नाही ही एक गोष्ट. मुळात घरच नाही." रात्री तो गावाबाहेर सरकारी रानात गाडी लावतो. तिथे एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. चौदा दिवस झाले की गाडी हलवायची.

तो 'चौदा' म्हणाला आणि मी बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आमच्या हनफी फिकहमध्ये प्रवासाचा हिशेब पंधरा दिवसांचा आहे. परक्या गावी पंधरा दिवसांपेक्षा कमी थांबायचा इरादा असेल तर तुम्ही मुसाफिर. चार रकातींच्या नमाजच्या दोन होतात. पंधरा किंवा त्याहून जास्त दिवसांचा इरादा केलात की तुम्ही मुकीम, म्हणजे राहणारे, आणि नमाज पुरी. अमेरिकेच्या जमीन खात्याला आमचं फिकह ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्यांनी रेघ बरोबर तिथेच मारली आहे. तो मुलगा दोन वर्षांपासून मोआबमध्ये होता. त्या गावाची कॉफी तो बनवतो, त्या गावाच्या चादरी तो बदलतो, आणि दर चौदा दिवसांनी गाव त्याला सांगतं की तू मुसाफिर आहेस.

असे बरेच आहेत. गाडीत, तंबूत, मित्राच्या अंगणातल्या ट्रेलरमध्ये राहून हॉटेलं चालवणारे लोक. मोआबची ही अडचण नवीही नाही. १९५० साली हे फळबागांचं आणि गुराख्यांचं बारा-तेराशे वस्तीचं गाव होतं. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञाला आग्नेयेला युरेनियमची मोठी शीर सापडली. तोवर तो बायको-मुलांसह डांबरी कागद ठोकलेल्या खोपटात दिवस काढत होता. युरेनियम लागल्यावर त्यानं गावावर नजर टाकणाऱ्या टेकडीवर बंगला बांधला. खाणीच्या आशेनं माणसांचा लोंढा आला, दहा वर्षांत वस्ती साडेतीन पटींहून जास्त झाली, आणि आलेले लोक तंबूत, ट्रेलरमध्ये, मोटारीत झोपले. मग युरेनियमचा बाजार बसला. १९८४ साली गावची गिरणी बंद पडली. १९८० ते १९९० या दशकात काउंटीची लोकसंख्या ८,२४१ वरून ६,६२० वर आली. तेव्हा घरं होती, पण राहायला माणसं नव्हती. काम नसलेल्या गावात कोण राहणार?

त्यानंतर सायकलवाले आले, जीपवाले आले, आणि गावानं पाहुण्यांवर जगायचं ठरवलं. २०१३ साली राज्याच्या पर्यटन खात्यानं पाच राष्ट्रीय उद्यानांची मोठी जाहिरात सुरू केली. गर्दी वाढली तशी हॉटेलं वाढली. घरमालकाचा हिशेब सोपा आहे. जे घर शिक्षकाला किंवा परिचारिकेला महिन्याच्या भाड्यानं द्यायचं, तेच पर्यटकाला रात्रीच्या भाड्यानं दिलं तर कितीतरी जास्त मिळतात. बाहेरचे लोक सुट्टीसाठी दुसरं घर घेतात ते वेगळंच. गावच्या चारी बाजूंना उद्यानं, सरकारी जमीन आणि खडक. पसरायला जागा नाही. शेवटी २०१९ साली गाव आणि काउंटी या दोघांनीही नव्या हॉटेलांना आणि पर्यटकी भाडेघरांना आळा घातला. ज्यांना आधीच परवानगी मिळाली होती ती मात्र पुढेही बांधली गेली. पर्यटनावर जगणाऱ्या गावानंच आता नवी खोली नको म्हणावं, यावरून दुखणं किती खोल गेलं होतं ते समजावं.

आर्चेसमधली सगळ्यात प्रसिद्ध कमान म्हणजे डेलिकेट आर्च. तिकडे जाणाऱ्या पायवाटेच्या सुरुवातीलाच एक जुनी लाकडी झोपडी लागते. बहुतेक लोक तिच्यासमोर एक फोटो काढून पुढे पळतात, कारण कमानीपर्यंत जाऊन येऊन पाच किलोमीटरची चढण आहे. माझे गुडघे तेवढे उत्साही नसल्यानं मी झोपडीशीच बसलो. अमेरिकन यादवी युद्धात पाय जायबंदी झालेला जॉन वेस्ली वुल्फ नावाचा माणूस १८९८ साली ओहायोहून एका मुलाला घेऊन इथे आला आणि गुरं पाळून राहू लागला. १९०६ साली त्याची मुलगी फ्लोरा नवरा आणि मुलांसह बापाकडे आली. बाप कशा खोपटात राहतोय ते पाहून तिला धक्काच बसला. तिनं बापाच्या मागे लागून लाकडी जमीन असलेली नवी झोपडी बांधून घेतली. आज दिसते ती तीच. सतरा फूट बाय पंधरा फूट. चार वर्षांनी सगळे ओहायोला परत गेले.

मला ही मुलगी फार ओळखीची वाटली. मुली बापाच्या घरी आल्या की आधी काय बघतात, हे ज्याला मुलगी आहे त्याला विचारा. गाद्यांना ऊन दाखवलं का, औषधं कुठे ठेवता, हा बल्ब किती दिवस गेलाय. बाप नुसता उतरल्यासारखा दिवस काढत असतो. मुलगी येऊन त्याला राहायला लावते. तळाला फळ्या ठोकल्या की मुक्कामाचं घर होतं.

माझी मुलगी लग्नाआधी पुण्यात नोकरीला होती. पहिले दोन आठवडे ती एका लॉजवर उतरली. आधारकार्ड दाखवलं, पैसे भरले, खोली मिळाली. कुणी काही विचारलं नाही. मग तिनं भाड्याचं घर शोधायला घेतलं. फोनवर दलाल गोड बोलायचे, फ्लॅट दाखवायची वेळ ठरायची. मग नाव विचारलं जायचं. नाव ऐकल्यावर तो सुस्कारा, ती छोटी शांतता आणि "मालकांना विचारून सांगतो" हे वाक्य. हे वाक्य ज्या घरांत ठाऊक नाही असं आपल्यातलं घर मला अजून भेटलेलं नाही. तिला अखेर जागा मिळाली ती एका ख्रिस्ती बाईंच्या घरात, आणि त्या बाईंनी तिला मुलीसारखं ठेवलं. तेही सांगायला हवं.

मोआबहून परतल्यावर मी राज्यघटना काढून पंधरावं कलम पुन्हा वाचलं. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या सार्वजनिक जागा यांच्यापासून रोखता येणार नाही, असं त्याच्या दुसऱ्या भागात आहे. १९५० साली हे लागू झालं. अस्पृश्यतेच्या देशात ती केवढी मोठी गोष्ट होती. पण यादी नीट वाचा. हॉटेल आहे, भाड्याचं घर नाही. उतरण्याचा हक्क लिहिलेला आहे, राहण्याचा नाही. अमेरिकेतही आधी हॉटेलाचा कायदा आला. घराचा कायदा, म्हणजे घर विकताना किंवा भाड्यानं देताना वर्ण आणि धर्म पाहू नये हा कायदा, १९६८च्या एप्रिलमध्ये आला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. पाहुण्याला दार उघडायला चार वर्षं आधी मन तयार झालं होतं. शेजारी करून घ्यायला एका माणसाचा जीव जावा लागला.

मोआबमध्ये अडचण पैशाची आहे, आपल्याकडे नावाची. दोन्ही एक नाहीत, आणि मी त्यांची बेरीज करणार नाही. त्या व्हॅनमधल्या मुलाला कुणी नाव ऐकून नाकारलं नव्हतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसली. पाहुणा सगळ्यांना चालतो. तो पैसे देतो आणि जातो. त्याच्या देवाशी, जेवणाशी, पगाराशी कुणाला काही देणंघेणं नसतं. खरी परीक्षा राहायला आलेल्याची असते, कारण तो जिन्यात भेटतो, पाण्याच्या टाकीत वाटेकरी होतो, त्याची मुलं आपल्या मुलांबरोबर खेळतात.

मोआबचं नाव बायबलमधल्या प्रदेशावरून आलं असं मानतात. तो प्रदेश म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेचा, आजच्या जॉर्डनमधला. बायबलनुसार मोआब हा लूत यांचा वंशज. कुरआनात हजरत लूत यांची जी कथा आपण ऐकत आलो, तिच्यात दारी आलेल्या पाहुण्यांच्या अब्रूसाठी ते आपल्याच गावाच्या जमावापुढे उभे राहतात. लोक त्या कथेत बाकी बरंच काही शोधतात. मला तिच्यात हेही दिसतं, की लूत स्वतः त्या गावी बाहेरून येऊन राहिलेले होते, आणि गाव त्यांना काढून लावण्याची धमकी देत होतं. पाहुण्यासाठी उभा राहिला तो स्वतः परका ठरवला गेलेला माणूस.

मोआबनं काढलेला मार्ग मला इथे मुद्दाम नोंदवायचा आहे. एक म्हणजे, तिथे २०१० पासून एक संस्था शिकाऊ तरुणांच्या हातून पेंढा आणि मातीची घरं बांधते. गवताचे दाबलेले गठ्ठे रचून भिंती, वर मातीचा गिलावा. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. आपल्या मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या वाड्यांची आठवण यावी. दुसरं म्हणजे, गावाच्या दक्षिणेला सुमारे तीनशे घरांची एक वसाहत उभी राहते आहे. तिची जमीन एका विश्वस्त संस्थेच्या नावावर कायमची ठेवली आहे. घर घेणारा घर घेतो, जमीन घेत नाही. त्यामुळे जमिनीचा भाव घराच्या किमतीत चढत नाही. घरं तिथे काम करणाऱ्या, तिथे राहणाऱ्या माणसांसाठीच. रात्रीच्या भाड्यानं देण्यासाठी नाहीत.

जावई मला हे समजावून सांगत होता आणि मी मध्येच म्हणालो, "अरे, हा तर वक्फ!" जमीन एकदा बाजारातून बाहेर काढायची, ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, तिचा उपयोग माणसांना होत राहायचा. कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आपल्या मागच्या पिढ्यांना ठाऊक आहे. जहाजानं हजला जाणारी माणसं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येऊन तिथे उतरत. आपल्या बापजाद्यांनी मुसाफिराची सोय चांगली केली. मुसाफिराचा वाटा जकातीच्या आठ हक्कदारांमध्येच सांगितलेला आहे, त्यामुळे ते आपल्या अंगात मुरलेलं आहे.

आता गरज मुकीमाची आहे. शहरात पहिल्या नोकरीला आलेली मुलगी, बदली झालेला शिक्षक, दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका, नाव सांगितलं की ज्यांना "विचारून सांगतो" ऐकावं लागतं अशी माणसं. वक्फच्या जागांवर दुकानगाळे झाले, शादीखाने झाले, काही जागा गिळल्या गेल्या. त्यांतल्या थोड्या जागांवर सरळ, रास्त भाड्याची घरं का होऊ नयेत? आणि ती झाली, तर माझं एक म्हणणं आहे. ती फक्त आपल्यासाठी ठेवू नयेत. ज्या कुणाला राहायला जागा नाही त्याला द्यावीत, अर्ज घेताना नावावरून कुणाला परत पाठवू नये. आपल्याला जो सुस्कारा फोनवर ऐकावा लागला, तो आपल्या दारात कुणाला ऐकू येता कामा नये.